लाकडाच्या फायरप्लेसच्या दाराचा दोर आणि काचेची पट्टी बदलणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये राहतो. इथे ऑक्टोबरपासून पार एप्रिलपर्यंत घर तापवावं लागतं आणि आमच्या हॉलमध्ये लाकडावर चालणारी फायरप्लेस आहे, म्हणजे जुन्या विटांच्या फायरप्लेसमध्ये बसवलेला लोखंडी इन्सर्ट आणि पुढे काचेचं दार. इकडे नवीन घर घेतलेली आपली मंडळी पहिल्या थंडीत फोन करतात, की लाकडं भराभर जळतात, काच काळी होते, दार बंद केलं तरी आग कमी होत नाही, काय करू? दहातल्या सात-आठ वेळा कारण एकच निघतं, दाराचा दोर गेलेला असतो. तेच तेच प्रश्न येतात म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतेय.

हा दोर म्हणजे नक्की काय?

दाराच्या आतल्या बाजूला चौफेर एक खाच असते, त्यात फायबरग्लासचा विणलेला दोर गॅस्केट सिमेंटने (उष्णता सोसणारा गोंदच तो, बांधकामाचं सिमेंट नव्हे) चिकटवलेला असतो. पांढरा, करडा किंवा ग्राफाइट लावलेला काळा. दिसायला काकडआरतीच्या काकड्यासारखा जाडसर. दार लावलं की हा दोर चौकटीवर दाबला जातो आणि फट बंद होते. काचेला वेगळी पट्टी असते, चपटी, बहुतेक वेळा एका बाजूने चिकट, ती काचेच्या कडेवरून दोन्ही बाजूंना दुमडलेली असते.

आपल्याला समजायला सोपं म्हणजे कुकरची रिंग. रिंग सैल झाली की शिट्टी होत नाही आणि वाफ बाजूने निघून जाते. इथे फरक एवढाच की बाहेर काही जात नाही, बाहेरची हवा आत ओढली जाते, कारण तापलेलं धुराडं सतत वर खेचत असतं. मग हवेची झडप तुम्ही कितीही बंद करा, आग आपली फटीतून हवा पीतच राहते. म्हणजे आगीवर तुमचा ताबा उरत नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती ह्याचीच. लाकूड जास्त जळतं, खर्च वाढतो हे सगळं त्याच्यानंतरचं.

दोर खराब झालाय हे कसं ओळखायचं?

भट्टी (म्हणजे हा इन्सर्ट किंवा स्टोव्ह) पूर्ण गार असताना दारात एक डॉलरची नोट ठेवा, दार लावा, कडी घाला आणि नोट ओढा. अडखळत, जोर लावून निघाली तर तिथे दोर ठीक आहे, लोण्यातून सुरी निघावी तशी निघाली तर तिथे फट आहे. हे एकाच जागी करून थांबू नका, दर चार-पाच इंचांवर चारही बाजूंनी करा, कारण दोर सगळीकडे सारखा झिजत नाही. आमच्याकडे कडीच्या बाजूला घट्ट आणि बिजागरीच्या खालच्या कोपऱ्यात एकदम सैल असं निघालं होतं.

दुसरी पद्धत माझ्या आईची. ती कोल्हापूरहून आली होती, आयुष्यभर चूल आणि बंब पेटवलेली बाई. एकदा संध्याकाळी देवापुढची उदबत्ती घेऊन आली आणि पेटत्या फायरप्लेसच्या दाराच्या कडेने हळूहळू फिरवायला लागली. धूर सरळ वर जात होता, खालच्या कोपऱ्याशी आला आणि एकदम वाकून दारात शिरला. म्हणाली, "हितनं वारं खातंय बघ." तेव्हापासून मी नोट पण लावते आणि उदबत्ती पण फिरवते. फक्त पेटत्या भट्टीजवळ करताना हात आणि ओढणी सांभाळा.

रात्री अंधार करून आत टॉर्च ठेवायचा आणि बाहेरून उजेड दिसतो का बघायचं असंही करतात, पण त्यात मोठीच फट सापडते.

आणि डोळ्यांनी पण बघा. दोर दगडासारखा कडक झालाय, चकाकतोय, मध्ये दबून चपटा झालाय, धागे सुटलेत, कुठे खाचेतून बाहेर आलाय, यातलं काहीही दिसलं की बदलायचा.

काच काळी होते ती पण दोरामुळेच का?

नेहमी नाही. सगळी काच सारखी काळी होत असेल तर आधी लाकूड तपासा. लाकडात ओल २० टक्क्यांच्या खाली हवी, मॉइश्चर मीटर मिळतो, ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूवर लावायचा, बाहेरून लावला तर फसवा आकडा येतो. आग सारखी मंद ठेवत असाल तरी काच काळवंडते. पण एकाच कोपऱ्यात किंवा कडेला डाग, कडेपासून आत आलेले पट्टे असं असेल तर तिथली काचेची पट्टी किंवा दाराचा दोर हवा आत सोडतोय असं समजा. नवीन भट्ट्यांमध्ये वरून काचेवर हवेचा पडदा सोडलेला असतो, त्याने काच स्वच्छ राहते, आणि चुकीच्या जागेहून हवा शिरली की तो पडदा विस्कटतो.

काच पुसायला मी राखच वापरते. कागद ओला करायचा, बारीक मऊ राखेत बुडवायचा आणि चोळायचं, आपण पितळेची भांडी घासायचो तसं. खडा असलेली राख नको, चरे पडतात. काच पूर्ण गार हवी, आणि वरून पाणी किंवा स्प्रे मारू नका, ते ओघळून खालच्या पट्टीत मुरतं आणि पट्टीचा चिकटपणा जातो.

माझी तर उघडी विटांची फायरप्लेस आहे, पुढे घडीची काचेची दारं आहेत. मला हे लागू आहे का?

बहुतेक नाही. त्या दारांना टेम्पर्ड काच असते, ती हवाबंद नसतात आणि बऱ्याच जणांच्या पुस्तिकेत तर स्पष्ट लिहिलेलं असतं की आग पेटलेली असताना दारं उघडी ठेवा, कारण टेम्पर्ड काच एवढी उष्णता सोसत नाही. तिथे दोर घालून हवाबंद करायला जाऊ नका. हे पान आहे ते इन्सर्ट, स्टोव्ह आणि हवाबंद दाराच्या फायरप्लेससाठी, ज्यांची काच सिरॅमिक असते. अमेरिकेत ईपीएने (सरकारी पर्यावरण संस्थेने) १९८८ मध्ये लाकडावर चालणाऱ्या स्टोव्हच्या धुराचे नियम आणले आणि २०१५ मध्ये ते बरेच कडक केले, त्यातला शेवटचा टप्पा २०२० मध्ये लागू झाला, त्यामुळे अलीकडच्या भट्ट्या हवा मोजूनमापून देण्यावरच चालतात आणि दोर सैल असला तर त्यांचं सगळं गणितच बिघडतं.

दोर किती वर्षांनी बदलायचा?

रोज पेटवत असाल तर दोन-तीन वर्षांनी लागेल असं धरा, अधूनमधून पेटवत असाल तर जास्त टिकतो. पण वर्षांवर जाऊ नका, नोट लावून बघा. आमच्याकडे खंडेनवमीला पान्हे, स्क्रूड्रायव्हर पुजायला काढतो तेव्हाच मी दार तपासते, म्हणजे कडक थंडी पडायच्या आत हातात वेळ असतो.

कुठल्या मापाचा घ्यायचा? दुकानात दहा प्रकार दिसतात.

इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. पाव इंचापासून एक इंचापर्यंत दोर मिळतात, दारासाठी जास्त करून तीन सूत, चार सूत, पाच सूत लागतात, म्हणजे ३/८, १/२ आणि ५/८ इंच. जुना दोर काढून त्याचं माप घेऊन जाऊ नका, तो वर्षानुवर्षं दबून चपटा झालेला असतो, त्यावरून बारीक माप येतं. मला एकदा दुकानदाराने जुना तुकडा बघून चार सुताचा दिला, घरी लावला, नोट चारही बाजूंनी सुळकन निघाली, पाच सुताचा हवा होता. सगळं परत खरवडून काढायला एक अख्खा रविवार गेला.

म्हणून आधी भट्टीची पुस्तिका बघा, मॉडेलचं नाव धातूच्या पट्टीवर मागे किंवा बाजूला असतं, त्यावरून कंपनीच्या साइटवर पुस्तिका सापडते. नाहीच सापडली तर दोन-तीन मापांचे तुकडे आणा, सिमेंट न लावता खाचेत दाबून दार लावून बघा.

जाडीइतकीच घनता पण महत्त्वाची. एकाच जाडीचा मऊ दोर आणि घट्ट विणलेला दोर वेगळे वागतात. मऊ हवा तिथे घट्ट घातला तर दार लागत नाही, घट्ट हवा तिथे मऊ घातला तर महिन्याभरात दबून बसतो. पुस्तिकेत जे लिहिलंय तेच घ्या.

लांबीसाठी खाचेत सुतळी फिरवा, ती सरळ करून मोजा आणि वर थोडा जास्त घ्या. साधारण सात फुटांचं पाकीट मिळतं, सोबत सिमेंटची छोटी ट्यूब येते, मध्यम आकाराच्या एका दाराला तेवढं पुरतं.

जुनी भट्टी आहे, ॲस्बेस्टॉसची भीती आहे का?

हो, ही भीती खरी आहे. १९८०च्या आधीच्या भट्टीत दोर ॲस्बेस्टॉसचा असू शकतो आणि बघून ते ओळखता येत नाही. तुमची भट्टी तेवढी जुनी असेल आणि दोर कधी बदलला हे माहीत नसेल तर खरवडू नका, ब्रश मारू नका, झाडू नका. लॅबमध्ये तपासून घ्या आणि माणसाला बोलवा. घरात लहान मुलं असतील तर ह्यात अजिबात घाई नको.

नवीन दोर फायबरग्लासचा असतो, त्याने अंगाला खाज सुटते, म्हणून हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, चष्मा आणि मास्क.

दाराचा दोर बदलायची पद्धत सांगा ना, पायरी पायरीने.

भट्टी एक पूर्ण दिवस गार होऊ द्या. राखेत निखारे चोवीस तास पण जिवंत राहतात, त्यामुळे हात लावून गार लागलं म्हणजे गार झालं असं नाही. मग दार बिजागरीवरून काढा, बऱ्याच भट्ट्यांत वर उचललं की निघतं, पण ओतीव लोखंडाचं दार जड असतं, दोघं जण लागतात. आमच्याकडे नवरा दार धरतो, मी खिळी काढते. टेबलावर जुनी चादर घालून दार उलटं ठेवा, काच खाली दाबली जात नाहीये ना बघा.

काढायच्या आधी फोटो काढून ठेवा, दोर किती वर आलाय, जोड कुठे आहे, सगळं दिसलं पाहिजे.

जुना दोर एका टोकाला धरून ओढला की बराचसा निघतो. खरं काम त्याच्यानंतरचं, खाचेतलं जुनं सिमेंट. जुना स्क्रूड्रायव्हर आणि वायर ब्रश घेऊन बसायचं आणि चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासायचं. लोक इथेच कंटाळतात आणि वरचेवर साफ करून नवीन दोर चिकटवतात, मग तो दोर खालच्या खडबडीत थरावर वर-खाली बसतो आणि नोट काही ठिकाणी सुटतेच. मी तासभर तरी खाचेलाच देते. शेवटी व्हॅक्यूम आणि कोरडं फडकं.

आता सिमेंट न लावता दोर आधी कोरडाच खाचेत बसवून बघा. दोर ताणायचा नाही, हे मी ठासून सांगते. ताणला की तो बारीक होतो आणि तापल्यावर मागे येतो. पहिल्या वेळी मला दोर दोन इंच कमी पडला म्हणून मी तो ओढून बसवला होता, आठ-दहा दिवसांत जोडाच्या जागी बोटभर फट पडली आणि रात्री अकराला भरलेली लाकडं दोन वाजता राख झालेली असायची. उलट थोडा आत ढकलत, सैल हाताने बसवा, कोपऱ्यात तर थोडा जास्तच.

जोड कोपऱ्यात नको, सरळ भागात घ्या, मी बिजागरीच्या बाजूला घेते. टोकं एकमेकांवर चढवायची नाहीत, समोरासमोर भिडवायची. कापायच्या आधी त्या जागी चिकटपट्टी गुंडाळा आणि पट्टीच्या मधून कापा, नाहीतर शेवटच्या क्षणी टोक फुलासारखं उलगडतं.

मग खाचेच्या तळाला सिमेंटची एकच बारीक ओळ. जास्त लावलं तर दोरात मुरतं आणि दोर तिथे काठीसारखा कडक होतो, दबतच नाही. दोर बसवा, बोटाने फिरत फिरत दाबा, दार परत लावा, दोर आणि चौकटीच्या मध्ये बटर पेपर ठेवा म्हणजे बाहेर आलेलं सिमेंट चौकटीला चिकटणार नाही, आणि हलक्या हाताने बंद करा. पूर्ण दिवसभर तसंच. गार गॅरेजमध्ये सिमेंट नीट वाळत नाही, घरात ठेवा. ट्यूबवर किती वेळ लिहिलाय ते वाचा, तेच खरं.

सिमेंट का सिलिकॉन?

काही कंपन्या जास्त उष्णता सोसणारं सिलिकॉन सांगतात, काही गॅस्केट सिमेंट. पुस्तिकेत असेल ते. सिलिकॉन पुढच्या वेळी काढायला सोपं जातं. भट्टीच्या विटांचे सांधे भरायचं फर्नेस सिमेंट मात्र दोराला वापरू नका, ते एवढं कडक होतं की पुढच्या वेळी छिन्नीनेच काढावं लागतं.

काचेची पट्टी कशी बदलायची? काच फुटायची भीती वाटते.

भीती वाटणं बरोबर आहे, पण भीती उष्णतेची नको, स्क्रूची हवी. सिरॅमिक काच तापून जवळजवळ फुगतच नाही, म्हणून ती आगीने तडकत नाही. पण भोवतीची लोखंडी चौकट फुगते, आणि दोन्हींच्या मध्ये गादी म्हणून ही पट्टी असते. पट्टी गेली किंवा स्क्रू पिळून घट्ट केले की काच थेट लोखंडाशी भिडते आणि मग लाकडाचा एक धक्का पण पुरतो.

काचेच्या क्लिपांचे छोटे स्क्रू वर्षानुवर्षं तापून गंजून बसलेले असतात. आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा. सकाळी अर्धा फेरा सोडा, परत थोडा आवळा, परत सोडा, असं हळूहळू. जोर लावला तर डोकं तुटतं आणि मग ड्रिल करून काढून नवीन आटे पाडावे लागतात. तसं झालंच तर दार दुकानात न्या, घरी काचेजवळ ड्रिल चालवू नका.

काच काढली की जुनी पट्टी आणि गोंद सोलून कड एकदम साफ करा. कडेला टवका किंवा चीर दिसली तर नवीन काच घ्या, आणि ती सिरॅमिकच हवी, नेहमीच्या काचवाल्याकडून टेम्पर्ड कापून आणू नका.

पट्टी साधारण पाऊण ते एक इंच रुंद असते. टेबलावर चिकट बाजू वर करून सरळ पसरवा, पाठीचा कागद थोडा थोडा काढत जा, काच उभी धरा आणि तिची कड बरोबर पट्टीच्या मध्यावर टेकवा, मग दोन्ही बाजू दुमडून दाबा, करंजीची कड दाबतो तसं बोटांनी पुढे पुढे जात. कोपऱ्यात दोन्ही बाजूंच्या पट्टीला छोटी चीर द्या म्हणजे गोळा होत नाही. जोड खालच्या बाजूला नको, तिथेच लाकडं येऊन आदळतात. सगळ्या भट्ट्यांत पट्टी अशी दुमडत नाहीत, काहींत चपटी पट्टी नुसती चौकटीत बसते, म्हणून तुम्ही काढताना जी होती तशीच घाला.

क्लिपा लावताना स्क्रूवर गंज न धरणारी पेस्ट लावा, आडव्या-तिडव्या क्रमाने थोडे थोडे आवळा, हाताला टेकल्याचं जाणवलं की थांबा. काच बोटाने दाबली की किंचित हलली तरी चालेल, हलायलाच हवी.

नवीन दोर घातला आणि दारच लागत नाही!

ढकलू नका. नवीन दोर फुगलेला असतो, थोडं घट्ट लागणारच. बऱ्याच भट्ट्यांत कडी पुढे-मागे करता येते, एक नट किंवा वॉशर असतो, तो थोडा सैल करा. तरीही लागत नसेल तर दोर जाड किंवा जास्त घट्ट विणीचा आलाय, तो बदला. आणि दोन-तीन आठवड्यांनी दोर बसला की नोट परत लावून कडी थोडी घट्ट करायची असते, ते विसरू नका.

पहिली आग कशी पेटवू?

छोटी. दोन-तीन बारीक लाकडं, तासभर. सिमेंट आणि पट्टीच्या गोंदाचा वास येतो, खिडक्या उघड्या ठेवा, स्मोक अलार्म काढून ठेवू नका. दुसरी आग थोडी मोठी, मग नेहमीसारखी.

सैल दोरामुळे घरात धूर किंवा कार्बन मोनॉक्साइड येऊ शकतो का?

धुराडं गरम असतं तेव्हा हवा आतच ओढली जाते. धोका रात्री उशिरा, निखारे उरलेले असताना आणि धुराड्याची ओढ कमी झालेली असताना. आणि एक आपल्या घरांतली गोष्ट, फोडणीच्या वेळी आपण शेगडीवरचा मोठा एक्झॉस्ट फॅन फुल करतो, तो घरातली हवा बाहेर फेकतो, घट्ट बांधलेल्या घरात मग हवा दुसरीकडून यायला बघते आणि सगळ्यात सोपी वाट म्हणजे धुराडं आणि दाराची फट. तेव्हा फॅन मोठा असेल तर एक खिडकी किलकिली करा, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या खोल्यांजवळ हवाच हवा. त्या वायूला वास नसतो.

भट्टीचं अंग किंवा वरचा पाइप लालसर दिसायला लागला तर हवेच्या झडपा बंद करा, दार उघडू नका. दार उघडलं की आग अजून भडकते. धुराड्यातून गडगडाट ऐकू आला तर घराबाहेर पडा आणि ९११ला फोन करा.

राखेच्या ट्रेला पण दोर असतो का?

बऱ्याच भट्ट्यांत असतो, आणि सगळे नेमका तोच विसरतात. वरून लाकूड भरायचं झाकण असेल तर त्याला पण असतो. राखेच्या दाराची फट सगळ्यात वाईट, कारण तिथून हवा थेट निखाऱ्यांच्या खालून येते, लोहाराच्या भात्यासारखी. त्याने जाळी वाकते, ओतीव लोखंड तडकतं. ते दार उघडून, राख झटकून तिथेही नोट लावून बघा.

हे सगळं मी स्वतः करू का माणूस बोलवू?

दोर आणि पट्टी घरी होण्यासारखं काम आहे, दीड-दोन तास आणि वाळायला एक दिवस. धुराडं मात्र दरवर्षी माणसाकडून तपासून घ्या, अमेरिकेतलं एनएफपीए २११ हे धुराड्यांच्या सुरक्षिततेचं मानकही वर्षातून एकदा तपासणी सांगतं, आणि सीएसआयएचं (धुराड्यांच्या सुरक्षिततेवर काम करणारी अमेरिकेतली संस्था) सर्टिफिकेट असलेला माणूस बघा. तो आला की दाराचा दोर पण दाखवा. भाड्याचं घर असेल तर घरमालकाला फोटोसकट लिहून कळवा, स्वतः दार खोलू नका.

आणि ऑर्डर देताना एक दोर जास्तीचा मागवून ठेवा. जानेवारीत उणे वीसला दोर निघाला तर दुकानात तुमच्या मापाचा असेलच असं नाही. आमचा पाच सुताचा एक दोर कायम जिन्याखालच्या डब्यात असतो, वर मॉडेलचं नाव आणि लांबी मार्करने लिहून.